‘सापडला नाही’ म्हणजे ‘गेला’ नव्हे

व्हायरस हा शब्द आमच्या नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत घरोघरी पोहोचला. देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला आणि गावात पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, चुना आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या दिसू लागल्या. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. पोल्ट्रीवर पोट असलेल्या लोकांनी त्या दिवसांत व्हायरसची एक व्याख्या करून टाकली. आला की दोन दिवसांत शेड साफ. ही व्याख्या आमच्याकडे अजून चालते.

एचआयव्हीला ती लागू होत नाही. हा विषाणू शिरतो, थोडाफार ताप येतो, तोही फ्लूसारखा वाटून विसरला जातो आणि मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही. निदान वरून तरी. म्हणून त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. एकजण म्हणतो, लागण झाली म्हणजे माणूस संपला. दुसरा म्हणतो, अहो, तो तर ठणठणीत फिरतोय, त्याला काही झालेलं नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत रक्तात काय चाललेलं असतं, त्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

मी डॉक्टर नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. उर्दू माध्यमाच्या वस्तीत ज्याला मराठी आणि थोडं इंग्रजी वाचता येतं, तो आपोआप मोहल्ल्याचा कागदवाचक होतो. रेशनकार्ड, सातबारा, बँकेची नोटीस, लग्नाच्या नोंदणीचा अर्ज, लॅबचे रिपोर्ट, सगळं ‘मॅडम, जरा देखो’ म्हणत माझ्या दारात येतं. त्यात गेली काही वर्षं एका बाईंचा रिपोर्ट वर्षातून एकदा येतो. त्यांना मी इथे नुसतं खाला म्हणते. हा लेख त्यांना विचारून लिहिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. “नाम छोडके सब लिख,” असं त्या म्हणाल्या.

खालांचे शौहर ट्रकवर होते. सुरत-धुळे हायवे आमच्या गावावरून जातो, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांची रोजी त्या रस्त्यावर आहे. २००३ च्या सुरुवातीला ते गेले. आधी टीबी म्हणून उपचार चालले होते. शेवटी शेवटी रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही कळलं. मग खालांची तपासणी झाली, त्याही पॉझिटिव्ह. मुलगा नऊ वर्षांचा होता, तो निगेटिव्ह निघाला. त्या एका शब्दावर खाला उभ्या राहिल्या असं त्या सांगतात.

औषध तेव्हा जगात होतं. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी २००१ च्या फेब्रुवारीत तीन औषधांचा वर्षभराचा डोस ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे दिवसाला साधारण एक डॉलर. परदेशी कंपन्यांच्या त्याच औषधांना वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर पडत होते. हमीदांच्या वडिलांनी, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी, १९३५ मध्ये उभी केलेली ही कंपनी. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचा जीव त्या एका आकड्यामुळे वाचला, आणि आपल्याकडच्या शाळांत ही गोष्ट कुणी शिकवत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. पण दिवसाचा एक डॉलर हासुद्धा नवापूरच्या ट्रक ड्रायव्हरला परवडणारा नव्हता. सरकारने मोफत औषध सुरू केलं १ एप्रिल २००४ ला, तेही आधी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. खालांचे शौहर त्याच्या आधीच गेले होते.

खुद्द खालांना गोळ्या सुरू झाल्या २०१० मध्ये. आधी का नाही, असं आजची तरुण मुलं विचारतात. तेव्हाचा नियम तसा होता. रक्तातल्या सीडी४ नावाच्या पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय औषध देत नसत. निदान झालं की लगेच औषध, हा नियम आपल्या देशात २०१७ मध्ये आला. खालांच्या जुन्या फायलीत सुरुवातीचा सीडी४ आकडा सहाशेच्या वर आहे. मग पाचशे, चारशे, मध्ये एकदा थोडा वर, पुन्हा खाली. २०१० मध्ये १९०. निरोगी माणसात तो साधारण पाचशेपासून दीड हजारापर्यंत असतो आणि दोनशेच्या खाली गेला की डॉक्टर एड्सची अवस्था म्हणतात.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. व्हायरल लोडचा रिपोर्ट आला, त्यावर इंग्रजीत ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं लिहिलं होतं. मी वाचलं, विषाणू सापडला नाही. पलीकडे बसलेल्या मुलाने लगेच ऐकलं ते असं की विषाणू नाही. तो आता तिशीचा आहे, सुरतला कामाला असतो, आईवर जीव टाकतो. म्हणाला, मग अम्मीला पंधरा वर्षं या गोळ्या कशाला खायला लावताय? त्याच्या मोबाइलवर कुठल्याशा पावडरीची जाहिरात होती. इम्युनिटी वाढवा, विषाणू शरीर स्वतःच मारेल. तीन महिन्यांचा कोर्स, किंमत अशी की त्याचा महिन्याचा पगार जावा.

खाला शांत होत्या. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला शाळेतल्या कुणाही मुलाच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटला. “बेटा, गोली शुरू होने से पहले सात साल मेरे जिस्म के सिपाही अकेले लडे ना? फिर अब क्यों नहीं लडेंगे?”

प्रश्नात तथ्य होतं. सात वर्षं त्यांच्याच पेशी लढत होत्या. मी त्यांना म्हटलं, खाला, मला आठ दिवस द्या. वाचलं, एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंना विचारलं, आमच्या गावातल्या एका एमबीबीएस पोराला पिडलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दोन जाती या कहाणीत महत्त्वाच्या. एक सीडी४. ही स्वतः मारामारी फारशी करत नाही, इतरांना हाक देते, कामाला लावते. लग्नघरात एक फुफी असते ना, जी स्वतः पातेलं उचलत नाही पण तिच्याशिवाय देग चुलीवर चढत नाही, तशी. दुसरी सीडी८. ही मारणारी पेशी. शरीरातल्या प्रत्येक पेशीपाशी जाऊन ती तपासते, आणि जिच्या आत विषाणू शिरलाय ती पेशीच नष्ट करते.

एचआयव्ही नेमका सीडी४ मध्ये शिरतो. म्हणजे चोराने घरफोडी करायला पोलीस चौकी निवडावी. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत रक्तात विषाणूंची संख्या अफाट वाढते, एका मिलिलिटरमध्ये लाखोंनी, कधी त्याहून जास्त. मग सीडी८ पेशी जाग्या होतात आणि संख्या झपाट्याने खाली येते. काही महिन्यांत एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी प्रत्येकाची वेगळी. ज्याची खाली, त्याला आजारी पडायला जास्त वर्षं लागतात. ज्याची वर, त्याला कमी. औषध नसेल तर सरासरी आठ-दहा वर्षं. खालांचा सीडी४ सात वर्षांत सहाशेवरून १९० ला आला, म्हणजे त्या या सरासरीच्या आसपासच होत्या.

हे काम सीडी८ पेशीच करतात हे अंदाजाने ठरलेलं नाही. १९८७ मध्ये बोस्टनच्या ब्रूस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही झालेल्या माणसांच्या रक्तात याच विषाणूवर नेम धरणाऱ्या मारेकरी पेशी असल्याचं दाखवलं. १९९९ मध्ये माकडांवर प्रयोग झाले. माकडांना एचआयव्हीचा भाऊ म्हणावा असा विषाणू होतो. त्यांच्या अंगातल्या सीडी८ पेशी औषधाने काढून टाकल्या, तर विषाणू उसळला. पेशी परत आल्या, विषाणू पुन्हा दबला. इतका स्वच्छ पुरावा शास्त्रात फार वेळा मिळत नाही.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्याजवळ भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. लोक तिला ‘नारी’ म्हणत, आता तिचं नाव बदललंय. भारतातल्या बहुतेक रुग्णांमध्ये एचआयव्हीचा ‘सी’ हा उपप्रकार असतो, दक्षिण आफ्रिकेतही तोच. पाश्चात्त्य देशांतलं सुरुवातीचं बरंचसं संशोधन ‘बी’ वर झालेलं. मग आपल्या लोकांच्या मारेकरी पेशी ‘सी’ चा कुठला भाग ओळखतात? नारीच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तावर हे तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. गॅग आणि नेफ नावाच्या विषाणूच्या दोन प्रथिनांमधले, सहसा न बदलणारे काही तुकडे या पेशी ओळखतात असं त्यात दिसलं.

‘ओळखतात’ म्हणजे काय, हे मला माझ्या विषयातून समजलं, म्हणून तसंच सांगते. मारेकरी पेशी अख्खा विषाणू पाहत नाही. लागण झालेली पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे, आठ-दहा अक्षरांचे म्हणा, बाहेर एका तबकावर मांडते. त्या तबकाला एचएलए म्हणतात. सीडी८ ते तुकडे वाचते. परका मजकूर दिसला की वार.

आता उर्दू ज्यांना येते त्यांना नुक्त्याची करामत माहीत आहे. एक ठिपका वरचा खाली गेला, एकाचे दोन झाले, की शब्द वेगळा. एचआयव्ही स्वतःच्या प्रती काढताना फार चुका करतो. त्याचा सगळा मजकूर साधारण साडेनऊ हजार अक्षरांचा, आणि नक्कल करणारा कातिब अत्यंत गबाळा. रोज कोट्यवधी प्रती निघतात. त्यांतल्या काहींमध्ये नेमका तो नुक्ता हललेला असतो, जो सीडी८ वाचत होती. तिला शब्द ओळखू येत नाही. ती प्रत वाचते, तिचीच पिलावळ वाढते. मग शरीर नव्या शब्दासाठी नव्या पेशी तयार करतं, विषाणू पुन्हा नुक्ता हलवतो. खालांच्या अंगात सात वर्षं हेच चाललं होतं.

दुसरी गोष्ट थकव्याची. ही मला जास्त चटका लावून गेली. सर्दी-फ्लूत मारेकरी पेशी आठ-पंधरा दिवस लढतात आणि विसावतात. एचआयव्हीत शत्रू रोज समोर. सतत चिथावणी मिळालेल्या या पेशींवर एक प्रकारचं ब्रेकचं बटण उगवतं, त्याला पीडी-१ म्हणतात. पेशी मरत नाही, जागेवर असते, पण वार करत नाही. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या रुग्णांवरचा अभ्यास आला, आपल्यासारखाच ‘सी’ विषाणू असलेल्या. ज्यांच्या पेशींवर हे बटण जास्त, त्यांच्या रक्तात विषाणूही जास्त. प्रयोगशाळेत ते बटण झाकलं तर पेशी पुन्हा कामाला लागल्या. असं बटण झाकणारी औषधं आज कॅन्सरमध्ये वापरतात. एचआयव्हीच्या रोजच्या उपचारात मात्र ती आलेली नाहीत.

त्यातच हाका देणाऱ्या सीडी४ पेशी कमी होत जातात. त्यातही वाईट हे की एचआयव्हीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सीडी४ पेशींनाच विषाणू जास्त पकडतो. जागी झालेली, धावपळ करणारी सीडी४ ही त्याची आवडती जागा, झोपलेल्या पेशीत त्याचं फारसं चालत नाही. ‘इम्युनिटी वाढवा’ ही पावडरवाल्याची भाषा इथे किती पोकळ आहे पाहा. ज्या फौजेला तो चिथवायला सांगतोय, त्या फौजेच्या बराकीतच विषाणू राहतो.

खालांना मी हे सगळं दोन दुपारींत सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, तेव्हा थकले असतील. पण गेली पंधरा वर्षं गोळ्यांमुळे सिपाही आरामात आहेत. आता ताजेतवाने झाले असतील की.

काही अंशी झालेही आहेत. त्यांचा सीडी४ आता पुन्हा सहाशेच्या आसपास आहे. पण गोळी काय करते ते पाहायला हवं. आता दिली जाणारी गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एकात, दिवसाला एक. ती विषाणूला नव्या पेशीत आपला मजकूर उतरवू देत नाही आणि पेशीच्या जनुकांत शिवू देत नाही. म्हणून नवी लागण थांबते आणि रक्तात विषाणू मोजण्याइतका उरत नाही. पण जो मजकूर आधीच शिवला गेलाय, त्याला गोळी हात लावत नाही. काही सीडी४ पेशी तो मजकूर पोटात घेऊन झोपी जातात. आत विषाणूचं एक अक्षरही तयार होत नाही, त्यामुळे बाहेरच्या तबकावर काही मांडलं जात नाही. मारेकरी पेशी शेजारून जाते, तिला काहीच दिसत नाही. १९९७ मध्ये या झोपलेल्या साठ्याचा पुरावा मिळाला. पुढे हिशोब झाला की हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात, आणि गोळ्या अखंड घेतल्या तरी पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षं. रिपोर्टवरचं ‘नॉट डिटेक्टेड’ हे रक्तात वाहणाऱ्या विषाणूबद्दल असतं. झोपलेल्या पेशींबद्दल तो कागद काही बोलत नाही.

मी त्यांच्या मुलाला शाळेतल्या वर्गाचं उदाहरण दिलं. हजेरीत नाव पुकारलं, कुणी ‘हाजिर’ म्हणालं नाही. म्हणजे मुलगा शाळेतून नाव काढून गेला असं होत नाही. तो हसला, पण पटलं नाही. मग मी त्याला एका अभ्यासाबद्दल सांगितलं.

औषधाला सुट्टी देऊन पाहू, असा विचार त्याच्याआधी मोठमोठ्या डॉक्टरांनी केला होता, आणि चांगल्या हेतूने. तेव्हाच्या गोळ्यांचे दुष्परिणाम जास्त होते. ‘स्मार्ट’ नावाच्या त्या चाचणीत ५,४७२ माणसं होती. अर्ध्यांनी गोळ्या सतत घ्यायच्या. बाकीच्यांनी सीडी४ चांगला असेपर्यंत थांबवायच्या, २५० च्या खाली गेला की पुन्हा सुरू करायच्या. २००६ च्या जानेवारीत ती मध्येच आवरती घ्यावी लागली. सुट्टी घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त होत होते. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे त्रासही त्यांच्यातच जास्त, म्हणजे गोळी थांबवून ज्यापासून वाचायचं होतं तेच. गोळी बंद केली की बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू परत दिसू लागतो. ज्या ‘ताज्यातवान्या’ सिपायांवर खालांची भिस्त होती, त्यांची परीक्षा हजारो माणसांच्या अंगात होऊन गेली आहे.

मुलाने शेवटचं अस्त्र काढलं. सुरतला कुणीतरी आहे म्हणे, वीस वर्षं एचआयव्ही, एक गोळी घेतली नाही, तब्येत उत्तम. परहेजगार माणूस आहे.

त्या माणसाचं मला माहीत नाही, पण अशी माणसं जगात आहेत हे खरं. शंभरात एकसुद्धा नाही, इतकी कमी. औषधाशिवाय त्यांचा विषाणू मोजमापाच्या खाली राहतो. त्यांच्यात एचएलएचे काही विशिष्ट प्रकार जास्त आढळतात, बी५७ आणि बी२७. हे तबक विषाणूच्या मजकुराचा असा तुकडा बाहेर मांडतं की विषाणूला तो बदलणं महागात पडतं. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी वाक्य वाचता येतं, क्रियापदच बदललं तर वाक्य कोसळतं. बी५७ विषाणूला क्रियापदाशी पकडतं. निसटायचं तर त्याला स्वतःला लंगडं व्हावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांचं नाव जगजाहीर आहे. १९९२ पासून एचआयव्ही, औषध कधी नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातल्या दीड अब्ज पेशी तपासल्या, एकातही अखंड विषाणू मिळाला नाही. त्याच अभ्यासात अशा आणखी साठहून अधिक जणांच्या पेशी पाहिल्या गेल्या. त्यांच्यात उरलेला विषाणूचा मजकूर बऱ्याचदा जनुकांच्या अशा ओसाड भागात अडकलेला दिसला, जिथून तो सहसा बोलूच शकत नाही.

पण तबक आईबापांकडून येतं, तक्व्यातून येत नाही. आणि नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजायला परदेशी अभ्यासाची गरजही नाही. आमच्या शाळांत, आश्रमशाळांत सिकलसेलची तपासणी होते. भिल्ल-पावरा मुलांमध्ये हा दोष जास्त. आईबाप दोघांकडून आला तर आयुष्यभर वेदना, एकाकडूनच आला तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंचसं संरक्षण. सातपुड्यात मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता म्हणूनच तो जनुक इथे टिकला. एकाच रक्ताची ही बरकत आणि हीच आफत. बी२७ चंही तसंच. ते एचआयव्हीला अडवतं, आणि काहींना कण्याचा संधिवातही देतं. बी५७ च्या एका उपप्रकाराची गंमत तर औरच. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना अबॅकाविर हे औषध जिवावर बेतू शकतं, आणि अबॅकाविर हे एचआयव्हीचंच औषध आहे. सिकलसेलचा वाहक असलेल्या पोराला मलेरिया कमी झाला म्हणून त्याला कुणी परहेजगार म्हणत नाही. मग सुरतच्या त्या माणसाच्या पेशींचं श्रेय त्याच्या चारित्र्याला का? आणि हे श्रेय दिलं की त्याची दुसरी बाजू लगेच येते. ज्याच्या पेशी हरल्या, त्याचं चारित्र्य.

ती दुसरी बाजू खालांनी पाहिली आहे. २००३ मध्ये शौहरच्या मय्यतीला गुस्ल द्यायला माणसं मागे सरली. ज्यांनी उभी हयात जनाजे उचलले, तेही. शेवटी दोघे पुढे आले, त्यांतला एक दुसऱ्या गावचा ड्रायव्हर होता. खाला आजही नमाजनंतर त्या दोघांचं नाव घेऊन दुआ करतात. शिवल्याने, आंघोळ घातल्याने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू जात नाही. मय्यतीला गुस्ल देताना हातमोजे आणि अंगावर प्लास्टिकचा एप्रन, उघड्या जखमेची काळजी, एवढं पुरतं, आणि खरं तर ते प्रत्येक मय्यतीसाठी करायला हरकत नाही. आता २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, घर, इलाज नाकारता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. गुस्ल द्यायला कायदा कुणाला भाग पाडू शकत नाही. ते आपल्यावर आहे.

‘नॉट डिटेक्टेड’ या शब्दांचा एक अर्थ मात्र मुलाला कळायला हवा होता, आणि तो त्याने ऐकलाच नव्हता. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी. त्यात पुण्याची नारी आणि चेन्नईचं वायआरजी केअरही होतं. हे वायआरजी केअर डॉ. सुनीती सोलोमन यांनी काढलेलं. माहेरच्या त्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या, आणि १९८६ मध्ये भारतातली एचआयव्हीची पहिली प्रकरणं उजेडात आणली ती त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी. त्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी. नंतरच्या अभ्यासांनी आणखी पक्कं केलं की रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. मात्र तो दबलेला राहतो गोळीमुळे. आमच्या समाजात किती तरुण मुलंमुली या आजाराने निकाहचं नाव काढत नाहीत, किंवा लपवून करतात. दोन्हीपेक्षा हा रिपोर्ट पुढे ठेवून, डॉक्टरांसमोर बसून बोलणं बरं.

रमजानबद्दलही लिहायलाच हवं, कारण गोळ्या चुकतात त्या बऱ्याचदा तेव्हा. दिवसाला एकच गोळी असेल तर ती इफ्तारनंतर किंवा इशानंतर घेता येते, रोजा आणि गोळी यांच्यात भांडण नाही. फक्त वेळ बदलण्याआधी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगायचं. ज्यांना टीबी किंवा दुसरा आजार सोबत आहे, दिवसातून दोनदा गोळ्या आहेत, त्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ हा सरकारी मोफत फोन आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

खाला इशाची नमाज झाली की गोळी घेतात, बारा महिने. मुलाने पावडरीचा विषय पुन्हा काढला नाही, पण त्याला पटलं की नाही ते मी विचारलेलं नाही. निघताना त्याने मला एकट्याला गाठलं आणि विचारलं, “बाजी, अब्बाच्या वेळी ही गोळी असती तर?” मी त्याला २००४ चं सांगितलं. तो बराच वेळ बोटांवर महिने मोजत राहिला.